गोठवलेला लसूण

पेंग डॉक्टर शुक्रवारी धाकट्या जावेच्या, फेंगलानच्या दुकानात जेवणार, हे ग्वेईचेनला सगळ्यांत शेवटी कळलं. तेही कोणी येऊन सांगितलं नाही. समोर फेंगलान स्टुलावर चढून दुकानाची पाटी घासायला लागली, तेव्हा हिला शंका आली. जी बाई ईदेलासुद्धा पाटीवरची काजळी काढत नाही, ती आज फडकं घेऊन उभी, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

"काय गं, मुलगी बघायला येणारेत की काय?" तिने गल्लीच्या या काठावरून विचारलं.

"मला कुठली मुलगी, जाऊबाई? डॉक्टर यायचेत ना मत मागायला. शा हाजी म्हणाले, जेवण तुझ्याकडे."

 ग्वेईचेनने हातातली पळी हंड्यावर अशी आपटली की रस्सा पिणारी दोन गिऱ्हाइकं दचकली.

निवडणुका काही त्या वर्षी नव्याने आल्या नव्हत्या. पण लुंगकांगच्या आमच्या सैनिकी वस्तीत मत मागायला कोणी कधी येत नसे. चीन-ब्रह्मदेश सरहद्दीच्या डोंगरांतून सरकारने विमानात घालून तैवानला आणलेली युन्नानी माणसं आम्ही. वस्तीप्रमुख सांगेल त्या नावावर शिक्का मारायचा आणि चुलीपाशी परतायचं, एवढंच आमचं राजकारण. त्या वर्षी पहिल्यांदाच नगरसभेला उभा राहिलेला एक माणूस आपण होऊन म्हणाला, मी तुमच्या मशिदीत येतो, तुमचं म्हणणं ऐकतो. माणूस इथल्या हक्का समाजाचा, त्यांची बोलीच वेगळी; धंद्याने दातांचा डॉक्टर.

म्हणणं एकच होतं, कब्रस्तानाचं. टेकडीवरची जुनी जागा भरून गेली होती. नवीन मयत आलं की दोन कबरींच्या मध्ये फावडं कसं घालायचं, यावर कमिटीत वाद व्हायचे. आमच्यात दहन चालत नाही, आणि शेजारचा सरकारी उतार मागून मागून मशीद कमिटीचे प्रमुख शा हाजी यांच्या दाढीचे केस पांढरे झाले होते. डॉक्टर जमिनीचा शब्द देणार असतील तर वस्तीची मतं एकगठ्ठा त्यांची, असं ठरलं होतं.

ते सगळं ग्वेईचेनला मान्य होतं. दोघी जावांचे नवरे त्या भरलेल्या जागेतच एकमेकांना खेटून पडले होते. पण वाडग्याचं काय? वस्तीत कोणी मोठं माणूस आलं, सेनाधिकारी असो की परगावचे आहोंग, म्हणजे इमाम, तर मशिदीतून निघून थेट ग्वेईचेनच्या दुकानात मिगान खायला बसायचं. तांदळाच्या त्या रुंद मऊ पट्ट्या, वर गोमांसाचा रस्सा. मा घराण्याची थोरली सून ती, आणि सासूचा पितळी हंडाही तिच्याकडे. सासू गेल्यावर वाटणीच्या वेळी तिने तो हट्टाने मागून घेतला होता. फेंगलानने काहीच मागितलं नाही, आणि ते तर ग्वेईचेनला जास्तच खुपलं. तेव्हापासून दोघी गल्लीच्या दोन काठांवरून बोलत; एकमेकींचा उंबरा कोणी ओलांडला नव्हता.

तिने ॲप्रन सोडला आणि थेट शा हाजींना गाठलं.

"हाजीसाहेब, माझ्या वाडग्याला भोक पडलंय का?"

"तसं नाही हो, मोठ्या वहिनी. फेंगलानला हक्का बोलता येतं. डॉक्टरांशी चार शब्द त्यांच्या बोलीत बोलली, तर माणूस मोकळा होईल."

"आणि रस्सा काय ती बोलीत शिजवते?"

"वहिनी, कब्रस्तानाचा प्रश्न आहे."

"तेच म्हणते मी. मेल्यावरच मान मिळायचा असेल, तर जागा लवकर मिळवा."

घरी येताना तिला फेंगलानची सगळी हक्का आठवत होती. बाजारात भाजीवालीशी हसून हसून शिकलेली. ग्वेईचेन भाजी घ्यायची, पैसे द्यायची आणि निघायची. हसायला वेळ कोणाला होता? आता त्या फुकटच्या हसण्याचं पीक धाकटी कापणार!

दुसऱ्या दिवशी प्रचाराची गाडी गल्लीत शिरली. भोंगा ओरडत होता, झेंडे फडफडत होते. सुपारी चघळून ओठ लाल झालेला एक माणूस खाली उतरला आणि पाणी मागायला ग्वेईचेनच्या दुकानात आला. पाणी पिऊन म्हणाला, "मावशी, शुक्रवारी कमी पडू देऊ नका बरं का. सगळ्यांनी मिळून दणकून तोंग-स्वान!"

आमच्या बोलीत तोंग म्हणजे गोठलेला आणि स्वान म्हणजे लसूण.

"गोठवलेला लसूण?" ग्वेईचेनने विचारलं.

तो माणूस खो खो हसला. "तोच, तोच! जेवढा जास्त, तेवढं डॉक्टरांना बरं. त्याच्याशिवाय कोणी निवडून आलंय का?"

आणि गेला. ग्वेईचेन पेला हातात धरून उभी राहिली. लसूण? पण माणूस दातांचा डॉक्टर. दात ठणकला की आपण लसूण धरतो, हे तर तिच्या आईनेही केलेलं. हे शिकलेले लोक गार करून धरत असतील. म्हणजे डॉक्टरांची आवड आता एकट्या तिला कळली होती. धाकटीला हक्का येत असेल, पण डॉक्टरांना काय लागतं ते कुठे ठाऊक आहे?

"जाऊबाई," समोरून फेंगलानने हाक मारली, "तो गाडीवाला काय सांगत होता?"

"पाणी मागत होता."

"एवढा वेळ?"

"तहान लागली होती मेल्याला."

बाजारातला चांगला लसूण तिने झाडून सगळा उचलला. दार लावून सोलत बसली. नखांच्या आत जळजळायला लागलं, डोळ्यांतून पाणी आलं, पण प्रत्येक पाकळीबरोबर तिला फेंगलानचा उतरलेला चेहरा दिसत होता आणि हात थांबत नव्हते. सोललेल्या पाकळ्या बर्फाच्या कप्प्यात गेल्या. मासे बाहेर आले आणि वाया गेले. त्याचंही तिला काही वाटलं नाही.

शुक्रवार आला तेव्हा एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. कच्च्या लसणाचा वास घेऊन मशिदीत जाऊ नये, हा आमच्यात दंडक. आणि ग्वेईचेनच्या हातांना, केसांना, बाह्यांना लसणाशिवाय दुसरा वासच उरला नव्हता. तिने हात राखेने घासले, चहाच्या पाण्यात बुडवले. काही उपयोग नाही. शेवटी बाया वरच्या मजल्यावर नमाजाला गेल्या आणि ती, इतक्या वर्षांत एक जुम्मा न चुकवलेली, फाटकाबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. हातात एनॅमलचं घमेलं, वर ओलं फडकं. आतून आहोंगांचा आवाज येत होता. तिला लाज वाटली. पण घमेलं तिने खाली ठेवलं नाही.

नमाज संपली, लोक फाटकाशी जमले. डॉक्टरांची गाडी आली. उंच, घामेजलेला, अंगात नावाचा पट्टा घातलेला माणूस उतरला, आणि त्याच्याबरोबर आलेल्या पोरांनी मुठी उंचावून ओरडायला सुरुवात केली, "पेंग डॉक्टर! तोंग-स्वान! तोंग-स्वान!"

मागताहेत! ग्वेईचेनच्या अंगात बळ आलं. गर्दी कोपरांनी बाजूला सारत ती थेट डॉक्टरांपुढे गेली, फडकं ओढलं आणि घमेलं पुढे धरलं. बर्फाळ लसणाच्या पांढऱ्या पाकळ्यांवरून वाफ निघत होती.

"घ्या," ती म्हणाली. "सोललेला आहे."

ओरडा थांबला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कोणीतरी फिसकन हसलं. शा हाजींनी डोळे मिटून घेतले. डॉक्टर घमेल्याकडे बघत राहिले. त्यांना थट्टा वाटली की अपमान, ते चेहऱ्यावरून कळेना. ग्वेईचेनला एवढंच कळलं की काहीतरी भयंकर चुकलं आहे, आणि आता सगळ्या वस्तीसमोर ती घमेलं धरून उभी आहे.

तेवढ्यात मागून फेंगलान आली. पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला हात पुसत तिने हक्का बोलीत दोनतीन वाक्यं म्हटली. ग्वेईचेनला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी हसून एक पाकळी उचलली, तोंडात टाकली आणि कर्र्कन चावली. डोळ्यांत पाणी आलं तरी चावत राहिले. वर्तमानपत्रवाल्याने फोटो काढला. पोरं पुन्हा ओरडली, आणि आता आमची माणसंही हसत हसत ओरडली.

मग डॉक्टर आत जायला निघाले, तर आहोंग दारात आडवे आले. "डॉक्टरसाहेब, माफ करा. आता तुम्ही बाहेरच बरे."

"का? काय केलं मी?"

"लसूण खाल्लात."

सगळी गल्ली हसली. कमिटीच्या बंद खोलीत जी बोलणी व्हायची होती, ती मग रस्त्यावर बाकं टाकून झाली. बायका, म्हातारे, शेजारचे दुकानदार, सगळ्यांच्या कानांदेखत. शा हाजींनी उताराचं विचारलं, आणि एवढ्या लोकांसमोर डॉक्टरांना 'बघू' म्हणायची सोय राहिली नाही. "निवडून आलो तर पहिलं काम तेच," ते म्हणाले.

जेवायला मात्र ते फेंगलानकडेच गेले. ग्वेईचेन आपल्या हंड्यामागे बसून समोर बघत राहिली. डॉक्टर रस्सा पितात, घाम पुसतात, पुन्हा वाडगा पुढे करतात. तिला आपला हंडा लाथेने उलटा करावासा वाटला.

"जाऊबाई!" फेंगलानने हाक दिली. "डॉक्टर लसूण मागताहेत आणखी."

आता नाही कसं म्हणणार? घमेलं घेऊन तिने गल्ली ओलांडली, आणि वाटणीनंतर पहिल्यांदा धाकटीचा उंबरा. फेंगलानने मागच्या बाजूला तिच्या हातात एक वाडगा दिला.

"काय म्हणालीस तू त्यांना?" ग्वेईचेनने दबक्या आवाजात विचारलं.

"म्हणाले, आमच्या थोरल्या जाऊबाईंनी तुमचा विजय स्वतः सोलून आणलाय. आमच्याकडे पहिला घास थोरलीच्या हातचा असतो."

"विजय?"

"इथल्या तैवानी बोलीत तोंग-स्वान म्हणजे 'निवडून या', जाऊबाई."

ग्वेईचेनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "माझ्या वतीने बोलायला तुला सांगितलं कोणी?"

"कोणी नाही. उद्या भांडू. आधी खा, गार होतंय."

तिने एक घोट घेतला आणि थांबली. जिरं, मिरी, हाडं उकळताना शेवटी टाकलेली ती सुकी संत्र्याची साल. सासूचा रस्सा. हुबेहूब. इतकी वर्षं हंडा हिच्याकडे होता आणि चव तिकडे नांदत होती. तिने वाडगा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, चांगला झालाय असं म्हटलं नाही, आणि घरी येऊन खूप वेळ नखं घासत बसली. जळजळ काही गेली नाही.

वर्तमानपत्रात फोटो तिचाच आला, घमेल्यासकट. तिने तो चौकटीत घालून दुकानात लावला. तिच्या खांद्यामागे फेंगलानचा हसरा अर्धा चेहरा दिसत होता. तेवढ्या चेहऱ्यावर तिने दिनदर्शिका टांगली.

डॉक्टर निवडून आले. उतार मिळायला मात्र बराच काळ गेला. कागद या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिले. पण गल्लीभर लोकांनी ऐकलेला शब्द होता, आणि दात दाखवायला गेलेली प्रत्येक बाई खुर्चीत आ करण्याआधी कब्रस्तानाचं विचारायची. शेवटी जागा झाली. आणि त्या नव्या जागेत पहिली गेली ती फेंगलान. धाकटी असून. छातीचं दुखणं, फार दिवस काढले नाहीत. वरची ओळ, कापराच्या झाडाची सावली, खालून येणारा वारा. अख्ख्या उतारावर तेवढीच जागा बघत राहावी अशी.

माती पडल्यावर लोक पांगले. ग्वेईचेन तिथेच उभी होती. शा हाजी जवळ आले. त्यांना वाटलं, रडत असेल.

"बघा," ती म्हणाली. "इथेही पहिला मान हिलाच."

"वहिनी, निदान आज तरी..."

"हिच्या शेजारची जागा कोणाला देऊ नका, हाजीसाहेब."

"अहो, तुम्हाला तर भाऊंच्या जवळ हवी होती ना? जुन्या जागेत कुठेतरी सरकवून..."

"ते राहू दे. ही एकटी एवढ्या चांगल्या जागेत पडणार, आणि मी खालून बघत बसू होय?"