क्रमांक एक्केचाळीसची दाढ

मंगळवारी सकाळी अकरा वाजता निमिषने बॉथेलहून व्हिडिओ कॉल केला आणि थेट मुद्द्यावर आला.

“कादंबरी, बसलीयेस ना? एक्केचाळीस नंबर इंडियन निघालाय.”

कादंबरी अमेरिकेत ॲन आर्बरच्या एका प्रयोगशाळेत जुन्या दातांतून डीएनए काढण्याचं काम करत होती. निमिष तिकडे दूर बॉथेलला घरी बसून त्याचं कॉम्प्युटरवरचं विश्लेषण करायचा. दोघं प्रत्यक्ष दोनदा भेटले होते. सध्या त्यांच्याकडे दक्षिण इटलीतल्या एका दफनभूमीतल्या साठ दाढा होत्या. दुसऱ्या शतकात एका रोमन जमीनदाराच्या शेतावर राबणाऱ्या माणसांच्या. भारतातून रोमला मिरी आणि कापड जात होतं, हे जुनंच. पण भारतातला एखादा माणूस इटलीत येऊन राबला आणि तिथेच मेला, हे नवीन ठरलं असतं.

“नक्की?”

“आईकडून येणारा वंश पक्का आपल्याकडचा आहे. पण डेटा कमी आहे. डीएनए जुना की ताजा, ते यातून कळत नाही. त्याचीच दुसरी दाढ लागेल. तोवर उड्या मारू नकोस, यार.”

कादंबरीने उड्या मारल्या नाहीत. एक्केचाळीसच्या थडग्याचा फोटो मात्र तिने उघडला आणि दुपारपर्यंत उघडाच ठेवला. वय पस्तिशीच्या आसपास. कुशीवर, गुडघे दुमडलेले, पायाशी एक मडकं. बाकीची थडगी एकमेकांना लागून होती. हे कडेला, एकटंच. तिचंही वय चौतीस होतं आणि इथे येऊन तिला तीन वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टॉपवर तिने मिरजेला वडिलांना फोन लावला.

“म्हणजे तुझ्या आधीच एक जण पोचला होता म्हण की,” बाबा म्हणाले. “त्याचं गाव कळेल का गं?”

“गाव नाही कळत, बाबा.”

“मग एवढी मशिनं घेऊन काय कळतं तुम्हाला?” ते खूश होते. रात्री त्यांचा परत फोन आला. “शेजारच्या अहिल्याताई विचारतायत, लग्न झालेलं होतं का?”

“कोणाचं?”

“त्याचं गं. तुझं आम्हाला ठाऊक आहे.”

दुसरी दाढ येऊन तिचा निकाल लागायला बारा दिवस गेले. डीएनएसाठी ती प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या कोणीतरी कोरली. त्या बारा दिवसांत कादंबरीने मिरीच्या व्यापारावर चार पुस्तकं वाचली, आणि तो कुठल्या बंदरातून निघाला असेल याच्या तीन शक्यता एका वहीत लिहून काढल्या. वही तिने कोणाला दाखवली नाही.

तेराव्या दिवशी निमिषचा कॉल आला. त्याने कॅमेरा सुरू केला नव्हता.

“दुसरी दाढ स्वच्छ आहे. जुना डीएनए, भरपूर. माणूस तिथलाच, इटलीतला.”

“आणि पहिली?”

“पहिलीतला डीएनए ताजा आहे. स्टाफच्या सॅम्पल्सशी जुळवून पाहिला. कादंबरी, ती तू आहेस. मास्क फाटला होता का?”

“नाही.”

“मग?”

“सांगते डॉ. व्हॅन डाइकना.”

कामात चूक झाली तर भरायचा एक फॉर्म होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. व्हॅन डाइक समोर बसल्या. मास्क एकदा घसरला असं लिहिलं असतं, तर एकच दाढ बाद झाली असती. कादंबरीने खरं सांगितलं. दाढ कोरण्याच्या खोलीत एका वेळी एकच माणूस जातो, चार-चार तास. तिथे बोलायचं नसतं. थुंकीचा एक बारीक शिंतोडासुद्धा पुरतो. ती बोलत होती. दोन मास्कमधून स्वतःचा आवाज नीट ऐकू येईना, म्हणून मास्क खाली ओढून बोलत होती.

“आत कोण होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“कोणी नाही. दाढांशी बोलायचे. मराठीत.”

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. “काय?”

“काही खास नाही. बस चुकली, आमटी खारट झाली, असलंच.”

“कधीपासून?”

“चौदा जानेवारी. क्रमांक नऊपासून.”

म्हणजे बावन्न दाढा. सगळ्या पुन्हा तपासायच्या, आणि त्या दुसऱ्या कोणीतरी कोरायच्या. डॉक्टर रागावल्या नाहीत. कादंबरीला पुढचे दोन महिने कॉम्प्युटरच्या कामावर ठेवू, असं त्यांनी सांगितलं आणि दार उघडून धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनीच फोन केला.

“काय म्हणतोय आपला माणूस?”

“आपला नाही निघाला, बाबा. तिथलाच होता. चूक झाली आमची.”

तिकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

“असू दे,” बाबा म्हणाले. “बरंच झालं की गं. स्वतःच्या गावात गेला बिचारा.”

“हो,” कादंबरी म्हणाली.