भिंतीपलीकडची बेस

पिवळ्या स्पंजाचा तो तुकडा, बोटभर लांब आणि जेमतेम नखाएवढा जाड, तळहातावर फारच नवा दिसत होता – नवाच होता, सकाळी ओट्यावरून उचलून कात्रीने कापलेला – आणि कितीही दाबला तरी पुन्हा फुगून वर येत होता. बेस गिटारच्या तारांखालचा जुना तुकडा तसा नव्हता. जुना चिमटीत धरल्याबरोबर त्याचा भुगा झाला होता, आणि ‘शी’ म्हणत त्याने तो भुगा कचऱ्याच्या डब्यात झटकला होता. शिवाय ब्रशने त्याखालचा काळा मळ काढला होता आणि मोठ्या समाधानाने हात धुतले होते.

“अहो, भांड्यांचा स्पंज अर्धा कुणी केला?” स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

“मला काय ठाऊक?”

“उंदीर हल्ली कात्री वापरायला लागलेत वाटतं.”

बेस गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारा जिथे घोडीवर टेकतात तिथे त्यांच्याखाली त्याने तो तुकडा सरकवला आणि जाड तार छेडली. धप्. पुन्हा छेडली. धप्… पण हा आवाज कुणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखा होता, आणि खांबाचा तसा नव्हता, हे त्याला कळत होतं. कसा होता ते मात्र सांगता येत नव्हतं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! आणि दुपारी चारला खांबाच्या बायकोकडे, वहिनींकडे जायचं होतं.

खांब म्हणजे त्यांच्या बँडमधला बेसवाला. चौघं होते, विशीतले. तीन जण स्टेजवर उड्या मारायचे आणि हा मागे, दिव्याच्या कडेला, मान किंचित खाली घालून उभा. म्हणून खांब. हे नाव कुणी ठेवलं, त्याने स्वतःलाच विचारलं. मीच ठेवलं, दुसरं कोण ठेवणार… गिटार माझी होती, गाणी माझी होती, टाळ्याही बहुतेक माझ्याच होत्या. कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळता गुंडाळता खांब जवळ यायचा आणि हळूच विचारायचा, “माझं ऐकू आलं का रे?” आणि मी माझी गिटार पेटीत ठेवता ठेवता, वर न बघता म्हणायचो, “आलं, आलं.” प्रत्येक वेळी तो विचारायचा. प्रत्येक वेळी मी तेच सांगायचो. मी कधी ऐकलंच नव्हतं.

दहाच्या सुमारास तो कामावर आला. दंतवैद्यांना कवळ्या बनवून द्यायच्या, हे त्याचं गेल्या तीस वर्षांचं काम. एक खोली, प्लास्टरने पांढरी पडलेली फरशी, मेणाचा वास, आणि शेगडीवर कायम उकळतं पाणी. टेबलावर परत आलेली एक कवळी होती आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी : पेशंट म्हणतात, जुन्यासारखी बसत नाही. अशा चिठ्ठ्या महिन्याला दोन-चार यायच्या आणि तो हसायचा. नवी कवळी चांगली असते, जुनीपेक्षा कितीतरी चांगली. पण जिभेला आपली झिजलेली जागा हवी असते, ती शोधत जीभ नुसती फिरत राहते. आज त्याला हसू आलं नाही. त्याने कानशीच्या दोन हातांनी कड उतरवली, पुन्हा पाहिली, आणि शेगडीवरच्या त्या पातेल्याकडे त्याची नजर गेली.

याच पातेल्यात त्याने तारा उकळल्या होत्या.

तीन आठवड्यांपूर्वी गिटारच्या दुकानात ती टांगलेली दिसली – काळपट लाल, अर्धी पोकळ, पोटावर दोन्ही बाजूंना वळणदार कापलेली भोकं, आणि वरच्या कडेला जळक्या सिगारेटचा बदामाएवढा डाग. तो डाग माझा. रियाजाच्या खोलीत मी सिगारेट तिच्यावर टेकवून ठेवली होती आणि विसरलो होतो. खांब फक्त “असू दे” म्हणाला होता. आता दुकानात तोच डाग ओळखून तो काउंटरवर गेला आणि विचारलं, ही इथे कशी? दुरुस्ती करणारा म्हणाला, “विकायला आलीय. वाजवणारे गेले ना, आठ महिने झाले.” आठ महिने! याच शहरात, बसने वीस मिनिटांवर खांब मेला आणि ते त्याला एका लाकडाच्या तुकड्यावरच्या डागाने सांगितलं. त्याने घासाघीस केली नाही, बेस घेतली आणि तिथूनच थेट वहिनींकडे गेला.

वहिनींनी रागाचा शब्द काढला नाही. तेच जड गेलं. चहा दिला, बेसच्या पेटीकडे पाहून म्हणाल्या, “बरं झालं, घरातल्या घरात राहिली. दुसऱ्या कुणाकडे गेली असती तर मला चुकल्यासारखं झालं असतं.” आणि मग दाराशी, अगदी चपला घालताना, “भाऊजी, एक मागू? हात बसला की एकदा येऊन वाजवा. मला संगीतातलं काही कळत नाही. पण हे इथे खुर्ची भिंतीला लावून बसायचे, वायरबियर काही नाही, नुसतेच, आणि पलीकडे ओट्यावर मला ते यायचं. कानाला नाही… हाताला यायचं म्हणा ना. घरात माणूस आहे असं वाटायचं.”

एवढंच मागितलं होतं. आणि त्याने काय केलं? घरी आणल्या दिवशी चारही तारा उतरवल्या. काळ्या, गुळगुळीत, तीस वर्षांच्या घामाने मेलेल्या तारा. वाजवलं तर सूर लागतो न लागतो तोच बसणाऱ्या. कवळी करणाऱ्याचा हात – मळलेलं दिसलं की पाण्यात टाक, उकळ, घास, लख्ख कर. दुसऱ्या दिवशी कामावर नेऊन वीस मिनिटं उकळल्या. पाण्यावर तपकिरी तवंग आला तो त्याने मोरीत ओतला. पुन्हा चढवल्या तेव्हा तारा घंटीसारख्या खणखणल्या आणि त्याला आनंद झाला, खोटं कशाला बोला, तेव्हा आनंदच झाला. मग दुकानात दाखवायला नेली तर दुरुस्तीवाला तारांकडे बघून हतबुद्ध झाला. “काका, या उकळल्यात तुम्ही? आणि खालचा स्पंज काढून टाकलात? अहो, मेलेल्या तारा म्हणजेच तर तिचा आवाज! लोक असा आवाज यावा म्हणून वर्षानुवर्षं तारा बदलत नाहीत.” थोडं थांबून म्हणाला, “तुम्ही बेसवाले नाही का?”

नाही. मी गिटारवाला.

तीन आठवडे तो हात बसवत होता. बेसची मान जड, सोडली की तिचं डोकं जमिनीकडे झुकायचं, म्हणून डावा हात तिला सावरण्यातच दमायचा. बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. गिटारची सवय असलेली बोटं एका सुरानंतर लगेच दुसरा सूर शोधायची आणि इथे तर एक सूर वाजवून गप्प राहायचं होतं, गप्प राहणं हेच निम्मं काम होतं. चुकत चुकत एक गोष्ट मात्र त्याला कळली. ती अर्धी पोकळ बेस पोटाशी धरली की सूर कानाआधी बरगडीला येतो. म्हणजे आम्हाला कुणाला ऐकू येत नव्हतं तेव्हाही खांबाला येत होतं. मग तो का विचारायचा?

आणि ती कॅसेट. त्यांच्या बँडची एकुलती एक, भाड्याच्या स्टुडिओत एका दिवसात केलेली. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने विचारलं होतं, बेस किती ठेवू? खांब तेव्हा सगळ्यांसाठी चहा आणायला खाली गेला होता. मी म्हणालो, “कमी करा, गिटार झाकली जाते.” त्याने बटण खाली ओढलं. मी म्हणालो, “अजून.” या तीन आठवड्यांत तो रात्ररात्र नाही पण रोज जेवणानंतर कान लावून ती कॅसेट ऐकत होता, सगळं आहे, माझ्या चुकासुद्धा आहेत, खांब नाही. त्याचा आवाज उरला होता तो त्या तारांच्या मळात. तोही मी उकळून मोरीत ओतला. वहिनींना हे सांगायचं, चपला काढण्याआधीच सांगायचं – बसमध्ये त्याने वाक्य पाठ केलं : वहिनी, माझ्याकडून एक चूक झाली.

पण वहिनींनी खोली आवरून ठेवली होती. खुर्ची भिंतीला लावली होती, तिच्यावर धुतलेली उशी. “इथेच बसायचे,” म्हणाल्या. “मी आत जाते. दार लोटून घ्या. मी आपली कामात असेन, तुमच्याकडे बघणार नाही, म्हणजे तुम्हालाही अवघडायला नको.” त्यांनी नवी साडी नेसली होती. त्याच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं.

तो बसला. पाठ भिंतीला टेकली. बेस पोटाशी घेतली, स्पंज नीट केला, आणि खांब वाजवायचा ते – म्हणजे त्याला आठवत होतं, असं त्याला वाटत होतं ते – सुरू केलं. चार सूर, मग मोकळी जागा, मग दोन. पहिल्यांदा अडखळला, दुसऱ्यांदा जमलं, तिसऱ्यांदा तर डोळे मिटून, कुठेही घाई न करता… बरगडीला सूर येत होता. पाच मिनिटं झाली असतील. पलीकडे नळाचा आवाज नव्हता, भांड्यांचा नव्हता. वहिनी हात ओट्यावर ठेवून उभ्या असणार हे त्याला भिंतीतून दिसत होतं.

“भाऊजी,” दारापलीकडून त्या म्हणाल्या, “करा ना सुरू. मी थांबलेय.”

त्याचा हात तारांवर तसाच राहिला. सवयीने दुसरा हात आवाजाच्या बटणाकडे गेला. वायर जोडलेलीच नव्हती. तारा? स्पंज? की हात – आयुष्यभर पुढे उभ्या राहिलेल्या माणसाचा हात?

“वाजवतच होतो, वहिनी.”

पलीकडून घाईघाईने, मायेने, “हो का? अगंबाई… आलं, आलं. ऐकू आलं हं.”

तो आवाज त्याने ओळखला. वर न बघता, पेटीत गिटार ठेवता ठेवता काढलेला. इतकी वर्षं मी तो फक्त आतून ऐकला होता, समोरून कसा लागतो ते आज कळलं, आणि खांब तरीही दर वेळी विचारायला का यायचा ते आता कुणाला विचारू?

“पुन्हा वाजवू का?” त्याने विचारलं. उत्तर आलं की नाही, हे त्याला कळलं नाही. बेस अजून पोटाशी हलकीशी थरथरत होती आणि तो श्वास रोखून तेवढंच ऐकत होता.