सोळा नट

तोकुजीने पाच येनच्या भोकाच्या नाण्याला दोरा बांधला आणि लेकीच्या गाडीच्या मडगार्डच्या कडेवरून सोडला. दोरा नव्या चाकाला न शिवता झुलला. चाक केसभरही बाहेर आलेलं नव्हतं. गाड्यांच्या सरकारी तपासणीवाल्यांना बोट ठेवायला जागा नाही म्हणून स्वारी खूश झाली.

"बाबा, मला मोरिओकाला नोकरीवर जायचंय, शर्यतीला नाही," मिझुहो म्हणाली.

तिला साधी काळी चाकं पुरली असती. पण लेक घर सोडून निघाली होती आणि तोकुजीला मनातलं बोलता येत नसे. म्हणून तीन रविवार दुकानं पालथी घालून त्याने ही तांबूस अलॉय चाकं आणली होती.

"पन्नास किलोमीटरवर थांब, नट पुन्हा आवळ. धांदरट आहेस, विसरशील. आणि गाडी चालवताना फोन उचलायचा नाही."

"शंभरदा सांगून झालंय, बाबा!"

ती गेली. तोकुजी शेड झाडायला लागला, तेव्हा फळीवरचं न फोडलेलं पाकीट दिसलं. झाडू टाकून त्याने ते उचललं.

पाकिटात निमुळत्या बुडाचे सोळा नट होते. या चाकांना तेच लागतात. गाडीचे जुने नट गोल बुडाचे. ते अलॉयच्या भोकात नीट बसत नाहीत, कितीही आवळा, धावता धावता सैल होतात. आणि त्याने तेच बसवले होते. चाळीस वर्षं गॅरेजात घालवलेला माणूस, चाकाचं रूप बघत बसला आणि नट विसरला!

त्याने फोन लावला. पुन्हा लावला. ती कशाला उचलेल? ताकीद त्याचीच होती.

पाकीट खिशात कोंबून त्याने आपला छोटा ट्रक घाटाकडे काढला. प्रत्येक वळणावर तो आधी कठड्याकडे बघे, कठडा तुटलेला नाही ना. देवाचं नाव न घेणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने कुणाला म्हणून सोडलं नाही.

घाटापलीकडच्या विसाव्यावर तांबूस चाकं दिसली. मिझुहो पुढच्या चाकाशी उकिडवी बसली होती, हातात पाना. तोकुजीला धावत येताना पाहून ती रडवेली झाली.

"बाबा, तुम्ही सांगितलं तशीच थांबले. पण हा नट बघा, नुसत्या बोटांनी फिरतोय. माझं काही चुकलं का?"

लहानपणापासून घरात काही मोडलं, सांडलं की तिचंच चुकलेलं असायचं. तसं ठरवणारा तोकुजीच होता. तो तिच्याशेजारी डांबरावर बसला.

"नाही गं. माझं चुकलं."

मिझुहो बाहीने नाक पुसून म्हणाली, "परत म्हणा बरं."

त्याने परत म्हटलं, आणि पाकीट फोडलं.