दहा पाईपांतला एक मीटर

लॅबवाल्यानं टेपचं शून्य पाईपच्या अगदी टोकाला लावलं आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "हं, ओढा."

ड्रिलरनं टेप ओढली नाही. "अजून आत घे. आटे संपतात तिथं. खांद्याला लाव."

"सगळे इथंच लावतात."

"लावू देत."

लॅबवाल्यानं खांदे उडवले आणि टेप आत सरकवली. या कॉलेजात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. परीक्षेला आलेला माणूस सांगेल तसं करायचं आणि मनात हसायचं, एवढं तो शिकला होता.

शेडच्या मागच्या गवतात रुळांच्या दोन तुकड्यांवर दहा पाईप आडवे पडले होते. कुठल्या तरी कंपनीनं टाकून दिलेले, गंजून विटकरी झालेले. तेलविहीर खोदताना असे शेकडो पाईप एकाला एक जोडत खाली सोडतात. प्रत्येकाच्या एका टोकाला बाहेरून आटे, दुसऱ्या टोकाला आतून. एकाचे आटे दुसऱ्याच्या पोटात फिरत जातात आणि घट्ट बसले की दिसेनासे होतात. म्हणून मोजताना ते धरायचे नसतात. आटे जिथं सुरू होतात त्या गोल कडेला खांदा म्हणायचं आणि माप तिथून घ्यायचं. आट्यांची लांबी असते जेमतेम दहा सेंटीमीटर, पण विहीर असे दहा सेंटीमीटर विसरत नाही. ड्रिलरला काम शिकवणाऱ्या वस्तादानं त्याचं गाणंच करून ठेवलं होतं. पाईप मोजताना तो ते जात्यावर बसल्यासारखा गुणगुणायचा:

आटे गेले पोटात,
धरू नको बोटात;
खांद्यावरनं घे माप,
नाहीतर विहीर देईल शाप.

दहाही पाईप मोजून झाले. ड्रिलरनं बेरीज दोनदा केली. चौऱ्याण्णव मीटर सत्तावन्न. कागदावर लिहून त्याखाली सही केली आणि उजवा हात डाव्या हातानं उचलून खिशात घातला. तो हात आता खांद्याच्या वर जात नव्हता. बावीस वर्षं खोदायच्या यंत्राच्या ब्रेकचा दांडा दाबून आतलं काही तरी झिजलं होतं. डॉक्टर म्हणाला होता, हा खांदा तुमचा राहिला नाही, जपून वापरा.

या खांद्यासाठीच तर सगळी धडपड होती. कंपनीनं स्पष्ट सांगितलं होतं की यांत्रिकीची पदवी असेल तर आखणी विभागात टेबल, नसेल तर गोदाम. आठ वर्षांपूर्वी, खांदा नुसता दुखायचा तेव्हा, त्यानं संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं होतं. पंधरा दिवस विहिरीवर, पंधरा दिवस घरी. त्या घरच्या पंधरा दिवसांत वर्ग. वर्गातली पोरं त्याला मामा म्हणत आणि मामाच्या वहीतून काही उतरवून घेण्यासारखं नाही हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. रडतखडत सगळे विषय सुटले. अडला तो एकच, विहीर खोदण्याचा. त्यात तो दोनदा नापास झाला. प्रश्नाला तो हाताला माहीत असलेलं उत्तर लिहायचा आणि पेपर तपासणाऱ्याला हवं असायचं पुस्तकातलं.

बायको म्हणाली होती, "बावीस वर्षं भोकं पाडतोय माणूस आणि भोकं पाडायच्याच विषयात नापास. हे कुणाला सांगायची सोय आहे का?"

या वर्षी लेखी सुटलं, चव्वेचाळीस गुणांनी. प्रात्यक्षिक तेवढं राहिलं होतं. पदवीला आठ वर्षांची मुदत असते आणि हे आठवं वर्ष होतं. पुढचं नव्हतं.

सकाळी मुलीनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेवटची उजळणी घेतली. तिच्या वयाच्या मानानं ती फार कडक मास्तरीण होती. तीन हजार मीटर लांबीचा पाईप विहिरीत नुसता टांगून ठेवला, खाली काही वजन नाही, तर तो किती ताणला जाईल? त्यानं गणित मांडलं, अडला, तिनं पेन्सिलीनं चूक दाखवली, पुन्हा मांडलं. दीड मीटरच्या वर उत्तर आलं.

"स्वतःच्याच वजनानं एवढा लांबतो, बाबा. आणि तुटत नाही," मुलगी म्हणाली.

बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. "त्याला कशाला गणित हवं," ती म्हणाली. "मला विचारायचं."

तिघंही हसली. मग बायकोनं त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं, कारण ते त्याला लावता येत नव्हतं, आणि म्हणाली, "आज जे विचारतील तेवढंच सांगा. जास्तीचं शहाणपण नको." ते त्याला बसमध्ये आठवत राहिलं.

प्रात्यक्षिक घेणाऱ्या मॅडम लॅबच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या होत्या. तिशीच्या, डोळ्यांखाली काळं आलेलं, पुढ्यात उत्तरपत्रिकांची चळत. त्यांनी त्याचा कागद घेतला, शेजारच्या जुन्या तक्त्यावर बोट ठेवलं आणि बोट तिथंच थांबलं.

"तुमचा फरक खूप येतोय. तक्त्यात पंच्याण्णव साठ आहे. पाच सेंटीमीटर इकडेतिकडे चालतं. तुमचा मीटरच्या वर गेलाय."

दहा पाईप, एक मीटर. ड्रिलरला हिशेब तिथंच लागला. तक्ता करताना कुणी तरी आटे धरले होते.

त्यानं सांगितलं. सावकाश, एकेक शब्द निवडून. दोन्ही हातांच्या मुठी एकमेकींत फिरवून दाखवल्या, उजवी मूठ जितकी वर जाईल तितकी. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि पूर्ण ऐकून घेतलं, हे त्याला पुढे बराच काळ आठवणार होतं.

"तुमचं बरोबर असेल, मामा," त्या म्हणाल्या. वर्गातलं नाव त्यांच्याही तोंडी बसलं होतं. "मला माझ्या सरांनी टोकापासून टोकापर्यंतच शिकवलं. मी विहिरीवर कधी गेलेली नाही, खोटं कशाला बोलू. पण बाहेरचे परीक्षक हाच तक्ता लावून बघतात. मी वर लिहून पाठवीन. उत्तर यायला सहा महिने लागतील."

"तोवर निकाल लागेल."

"लागेल."

तक्ता टंकलेला होता आणि घड्यांवर चिकटपट्टी लावून जपलेला.

मॅडम म्हणाल्या, "परत मोजायची परवानगी असते. एकदाच. साडेचारपर्यंत वेळ आहे." आणि त्यांनी त्याच्याकडे न बघता कोरा कागद पुढं सरकवला.

तो बाहेर येऊन पाईपांपाशी बसला. ऊन तिरकं झालं होतं. लॅबवाला रुळावर टेकून पाणी पीत होता.

ड्रिलर चोवीस वर्षांचा असताना, विहिरीवरच्या पहिल्या वर्षी, त्याला टेपच्या शून्याशी बसवलं होतं. एकशे अठ्ठावन्न पाईप. तीन दिवस भर उन्हात. टेपची कडी खांद्याला लावायची तर वाकून धरावी लागे, आट्यांच्या टोकाला मात्र ती आपोआप अडके. दुपारनंतर तो टोकाला अडकवू लागला आणि मग तीच सवय झाली. कागदावर विहीर प्रत्यक्षापेक्षा पंधरा मीटर जास्त खोल झाली. सिमेंट जिथं पडायला हवं तिथं पडलंच नाही, बाजूचं पाणी आत घुसलं, आणि चार महिने खोदलेलं भोक बुजवून टाकावं लागलं. ऑफिसात सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं, मोजणी कुणाची?

"माझी," वस्ताद म्हणाला.

त्याला गोदामात पाठवलं. विहिरीवरचा आवाज नसलेल्या त्या खोलीत त्यानं पुढची अकरा वर्षं काढली. हातमोजे द्यायचे, बोल्ट मोजून द्यायचे. ड्रिलर हातमोजे घ्यायला जाई तेव्हा वस्ताद न विचारता त्याच्या मापाचा जोड काढून देई. त्या मोजणीबद्दल एक शब्द कधी निघाला नाही, ना गोदामात, ना बाहेर. वस्तादाला जाऊन तीन वर्षं झाली होती. ही गोष्ट ड्रिलरनं घरी कधीच सांगितली नव्हती.

त्या बुजवलेल्या विहिरीनंतर ड्रिलरच्या हातून एकही पाईप आट्यांसकट मोजला गेला नव्हता. बावीस वर्षांत एकही नाही.

"वेळ चाललाय, मामा," लॅबवाला म्हणाला.

ड्रिलर उठला. गुडघ्यावरचं गवत झाडलं. टेपचं एक टोक लॅबवाल्याच्या हातात दिलं.

लॅबवाला आता शहाणा झाला होता. त्यानं शून्य बरोबर खांद्याला लावलं आणि वर बघितलं.

लॅबवाला तसाच वाकून राहिला. मागं शेडच्या पत्र्यावर एक कावळा नखं घासत चालत गेला.

"टोकाला लाव," ड्रिलर म्हणाला.

"आँ?"

"टोकाला. सगळे लावतात तिथं."

लॅबवाला या वेळी हसला नाही, मनातसुद्धा. त्यानं टेप टोकाला सरकवली. ड्रिलरनं ओढली, वाचलं, लिहिलं. पुढचा पाईप. पुन्हा टोक, पुन्हा ओढ. दहा पाईपांना वीस मिनिटं लागली. बेरीज पंच्याण्णव अठ्ठावन्न आली. दोन सेंटीमीटरचा फरक. उत्तम मोजणी.

मॅडमनी कागद तक्त्याशी लावला, गुण मांडले, दुसऱ्या रकान्यात खूण केली. मग पहिला कागद, चौऱ्याण्णव सत्तावन्नचा, घडी घालून त्याच्यापुढं धरला. "हा तुमच्याकडं ठेवा," त्या म्हणाल्या. त्यानं तो घेतला. अभिनंदन असं काही त्या म्हणाल्या नाहीत, याचं त्याला बरं वाटलं.

पायरीवर येईपर्यंत मुलीचा फोन आला. मागं बायकोचा आवाज येत होता, आधी श्वास तर घेऊ दे त्याला.

"बाबा, काय झालं?"

"सुटलो."

पलीकडं काही तरी आपटलं, बहुतेक खुर्ची. मुलगी आईला ओरडून सांगत होती. मग ती परत आली. "उत्तर किती आलं? खरं खरं सांगा, मी बघणार आहे."

"पंच्याण्णव अठ्ठावन्न."

"आणि बरोबर किती होतं?"

"पास आहे म्हणाल्या," तो म्हणाला. "येतो मी. उशीर होईल थोडा. थोडं काम राहिलंय."

परत लॅबमध्ये जाऊन फळ्याखालच्या खोक्यातून त्यानं खडूचा एक तुकडा उचलला. विहिरीवर मोजलेला पाईप तसाच सोडत नाहीत. त्याच्या अंगावर नंबर आणि लांबी लिहितात, म्हणजे पुढच्या माणसाला पुन्हा विचारावं लागत नाही. वस्तादाचे आकडे दुरूनही ओळखू येत, प्रत्येक सातला आडवी रेघ.

लॅबवाला शेडला कुलूप लावत होता. ड्रिलर पुन्हा पाईपांकडं वळलेला बघून त्यानं विचारलं, "आता काय? तुमचं झालं ना?"

"माझं झालं."

पहिल्या पाईपाचा गंज त्यानं तळव्यानं पुसला. घडीचा कागद उघडून रुळावर ठेवला, त्यावर खडा ठेवला. लिहायला उजवा हात उचलला तर तो अर्ध्यावरच थांबला, मघाच्या ओढाओढीनं ठणकत होता. त्यानं खडू डाव्या हातात घेतला. एक. नऊ मीटर त्रेचाळीस. आकडे पहिलीतल्या पोरानं काढावेत तसे वाकडेतिकडे आले.

लॅबवाला किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत थोडा वेळ बघत राहिला. "पावसात जाईल हे," तो म्हणाला.

"जाईल."

"पुढची पोरं बघतील आणि तक्त्यातलंच लिहितील."

"लिहितील."

दुसरा, तिसरा. चौथ्या पाईपचा शेवटचा आकडा कागदावर नीट लागेना, आठ होता की शून्य. ड्रिलर टेप काढून एकट्यानंच मोजू लागला. एका टोकाला टेपवर खडा ठेवला, तो घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला.

लॅबवाल्यानं किल्ल्या खिशात टाकल्या, गवतातून पलीकडच्या टोकाला गेला आणि उकिडवा बसला. टेपची कडी हातात घेतली, आट्यांवरून मागं नेली आणि न विचारता खांद्याला लावली.

"हं," तो म्हणाला, "ओढा."

ड्रिलरनं ओढली. शेवटचा आकडा शून्यच होता. त्यानं तो लिहिला, आणि पुढच्याच पाईपच्या लांबीत आलेल्या सातला आडवी रेघ दिली.