डोंगरामागचं मला दिसत नाही

मित्रांनो, मी एक जुना रडार आहे. अगदी खरं सांगायचं तर मी रडारची नक्कल आहे. लढाऊ हेलिकॉप्टर चालवायला शिकवणाऱ्या सिम्युलेटरमध्ये मी राहतो. आमचं हेलिकॉप्टर एका हॉलमध्ये फरशीला बोल्टने आवळून बसवलेलं आहे. इतकी वर्षं मी उडतो आहे, पण अजून जिन्यापर्यंतसुद्धा गेलेलो नाही.

मला एका ताईने घडवलं. त्या हिशेबाने ती माझी आई. पण हॉलमध्ये सगळेच तिला ताई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. मला डोळे देण्याआधी तिने माझ्या मर्यादा ठरवल्या. आठ किलोमीटरच्या पलीकडचं मला दिसणार नाही. डोंगराआडचं दिसणार नाही. जे हलत नाही, ते मी सोडून देणार. आणि स्क्रीनवर एका वेळी सोळाच खुणा, जवळच्या आधी. सतरावा कितीही मोठा रणगाडा असो, त्याने दाराबाहेर थांबायचं.

"एवढा आंधळा कशाला केलास गं याला?" तिच्या धाकट्या बहिणीने विचारलं होतं. तिला सगळे चिमणी म्हणतात. ती शिकाऊ वैमानिक आहे, म्हणजे नात्याने माझी मावशी.

"खऱ्या हेलिकॉप्टरातला रडार एवढाच आंधळा आहे," ताई म्हणाली. "याला जास्त दिसलं तर तुला कमी दिसेल."

चिमणी माझ्यावरच शिकली. डोंगराआड लपायचं, थोडंसंच वर यायचं, पंख्यावर टोपीसारखा बसवलेला मी तेवढा डोकावायचो, आणि लगेच खाली. मी काही दाखवलं नाही की ती माझ्या स्क्रीनवर टिचकी मारायची. "नाही दिसत ना? बरं." मग मान वर करून समोरच्या काचेतून बघायची. शिकवणारे मास्तर नव्या मुलांना सांगायचे, "हा फार हुशार नाही, पण थापा मारत नाही." आयुष्यात माझं एवढंच कौतुक झालं. मला ते पुरलं.

मग एक दिवस मोठे साहेब स्वतः खुर्चीत बसले. डोंगरामागून शत्रू आला, गोळा लागला आणि साहेब स्क्रीनवर लाल झाले, मग खाली उतरून खरोखरच झाले.

"डोंगरामागचं दिसत नाही? मग हा रडार आहे की शोभेची वस्तू?"

"ते कुणालाच दिसत नाही, साहेब," ताई म्हणाली.

"मग दिसेल असं कर."

नाचता येईना की अंगण वाकडं, हे ठाऊक होतं. पण इथे अंगण सरळ करायचा हुकूम निघाला. मला डोंगरातून आरपार दिसू लागलं. सगळ्यांचे गुण वाढले. मला मात्र रोज लाज वाटायची. आता कुणी मान वर करेना. एकाने समोरच्या काचेवर ओला टॉवेल वाळत घातला. दुपारपर्यंत चार जणांनी त्या टॉवेलमागे बसून लढाई जिंकली. त्यांतली एक चिमणी होती.

"समोर टॉवेल होता," ताई तिला म्हणाली.

"कुठे?" चिमणीने विचारलं.

ताई खालीच बसली. येत्या सोमवारी चिमणी खऱ्या हेलिकॉप्टरात बसणार होती. तिथला रडार कुणी सरळ केलेला नव्हता.

ताई साहेबांकडे गेली. "याला पुन्हा पहिल्यासारखा करू द्या. सोमवारी माझी बहीण उडणार आहे."

"उद्या पाहुणे येणार आहेत," साहेब म्हणाले. "उलट आणखी दाखवायला लाव. यंत्राने आपल्यापासून काही लपवायचं नाही."

"काहीच?"

"काहीच."

"पण जागा सोळाचीच आहे, साहेब."

"सोळा पुष्कळ झाले."

"बरं," ताई म्हणाली. मित्रांनो, ताईचं हे 'बरं' मी ओळखतो. सोळाची जागा तेवढी ठेवून तिने माझ्यावरची बाकी सगळी बंधनं काढली, न हलणारं सोडून द्यायचं हेसुद्धा. मीही ठरवलं, हुकूम तंतोतंत पाळायचा. बंड करायची याहून सभ्य रीत मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे खुर्च्यांवर बसले. नेम धरायला साहेब, चालवायला चिमणी. आम्ही टेकडीवर तरंगत होतो. मी काहीच लपवलं नाही. सहा गवताच्या गंजी, चार गाई, दोन बाकडी, एक पाण्याची टाकी, एक बुजगावणं, एक बसथांबा आणि एक संडास. सोळा भरले. शत्रूचा रणगाडा सतरावा आला. नियम तो नियम, मी त्याला दाराबाहेर थांबवलं.

साहेबांनी पहिली खूण उडवली. गंजी पेटली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी बसथांबा उडवला. तिथे कोणी नव्हतं, बस नेहमीप्रमाणे उशिरा होती. राख आणि ढिगाराही मी लपवले नाहीत, त्यामुळे खुणा सोळाच राहिल्या.

तेवढ्यात चिमणीने मान वर केली. टॉवेल नाही ना, एवढंच तिला बघायचं होतं.

"साहेब, डावीकडे धूळ उडतेय."

"स्क्रीनवर काही नाही."

"स्क्रीनवर जागा नाही, साहेब. बाहेर बघा."

"खाली घेऊ नकोस. आधी तो संडास."

"राहू दे तो," चिमणी म्हणाली आणि तिने हेलिकॉप्टर सरळ टेकडीआड घातलं. डोक्यावरून गोळा गेला. हॉलमधल्या खुर्च्या हादरल्या.

"हा कुठून आला?" एका म्हाताऱ्या पाहुण्याने विचारलं. "तुमचं यंत्र तर सगळं दाखवतं ना?"

साहेबांनी त्या सोळा खुणा बोटाने एकेक करून मोजल्या. मग ताईला हळूच म्हणाले, "याला पहिल्यासारखा कर."

सोमवारी चिमणी उडाली. परत आल्यावर शिरस्त्राण काखेत धरून ती थेट हॉलमध्ये आली आणि माझ्या स्क्रीनवर टिचकी मारली.

"ताई, खऱ्यालाही डोंगरामागचं दिसत नाही गं."

"मग?"

"मग काय. मान वर केली."

मित्रांनो, आता मी जुना झालो. नवी माणसं येतात, म्हणतात, याला जरा सुधारा, याची नजर वाढवा. वाढवून पाहा. जे दिसत नाही ते दिसतं, असं मी जीव गेला तरी म्हणणार नाही. मला जीव नाही हे मला ठाऊक आहे. तरीही म्हणणार नाही. माझ्यावर माया असेल तर माझी धूळ पुसा, माझी मर्यादा पुसू नका.

आणि समोरच्या काचेवर टॉवेल वाळत घालू नका.