सात जणांची नावं

राजधानीला जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक वाक्य असतं: 'महाराजांच्या घरचं सगळं क्षेमकुशल आहे.' सव्वीस वर्षं मी ते लिहीत होतो. गडावर तापाची साथ होती तेव्हा लिहिलं, वादळात कोठाराचं छप्पर उडालं तेव्हा लिहिलं, माझी बायको गेली त्या दिवशीसुद्धा लिहिलं. हात आपोआप चालतो हो. डोक्याला विचारायची वेळच येत नाही.

मी रेनसेनेब. केमेत देशाच्या दक्षिण हद्दीवरच्या गडाचा कारकून. खाली नाईल खडकांवर डोकं आपटत असते, मागे नुसतं वाळवंट. हद्दीच्या दगडापलीकडून कोणी आलं, तर विचारपूस करायची, लिहून ठेवायचं आणि व्यापारी नसेल तर परत धाडायचं. हुकूमच तसा आहे. गडाचे अधिकारी इमेरूसाहेब हुकमाचे पक्के. पाय सुजून भोपळा झाला तरी रोज सकाळी दरवाज्यापाशी खुर्ची टाकून बसायचे.

त्या दिवशी वाळवंटातून सात जण आले. एक म्हातारी, दोन पुरुष, तीन बायका आणि एक लहान पोरगी. पोरगी डावा पाय खुरडत चालत होती.

"विचार रे, वाळवंटाचे काय हाल आहेत?" इमेरूसाहेब म्हणाले.

कूईने विचारलं. कूई आमचा माग काढणारा. जन्म त्याच वाळवंटातल्या टोळीतला, पण वीस वर्षं आमचं मीठ खाल्लेलं. वाळूतला ठसा पाहून माणूस तहानलेला होता की प्यायलेला, तेही सांगेल.

"म्हणतात, वाळवंट उपाशी मरतंय," कूई म्हणाला. "महाराजांची चाकरी करू, पडेल ते काम करू, म्हणतात."

मग तो एकेकाकडे हात करून नावं सांगायला लागला. मी खापरीवर कच्चं टिपून घेत होतो. पहिलं नाव म्हातारीचं. ते लिहिलं आणि मला कंटाळा आला. ऊन मी म्हणत होतं.

"अरे, सात जण म्हटलं की झालं," मी खेकसलो. "नावांचं काय लोणचं घालायचंय?"

म्हातारीच्या नावावर काट मारून मी पुढे सात रेघा ओढल्या. कूई हळू आवाजात सगळी नावं सांगतच राहिला. मी शाईवर फुंकर मारत बसलो. पोरीपाशी आल्यावर तो आणखी काहीतरी बोलला, पण माझं लक्ष असेल तर शपथ.

"परत जा म्हणावं," इमेरूसाहेब म्हणाले.

कूईने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. कोणी रडलं नाही, भांडलं नाही. आल्या वाटेनं गेले. कोठारात धान्य शिगोशीग होतं, हे मी आता सांगतोय. तेव्हा मी लिहिलं, 'सात जण आले, परत पाठवले, सगळं क्षेमकुशल आहे.'

अकराव्या दिवशी सकाळी पहारेकरी मला हाक मारत आला. दरवाज्यापाशी सात जणांची अनवाणी पावलं उमटली होती. आत येणारी. बाहेर जाणारं एकही नाही. कूईने वाकून पाहिलं आणि तो उठला. सातातलं एक पाऊल खुरडत आलं होतं, ते मलाही दिसत होतं.

आम्ही वाळू झाडून काढली. दुसऱ्या दिवशी पावलं परत हजर. चौथ्या दिवशी ती अंगणात आली, कोठारावरून गेली, इमेरूसाहेबांच्या दारावरून गेली आणि माझ्या दफ्तराच्या उंबऱ्याशी थांबली.

इमेरूसाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला मला स्पष्ट ऐकू आला. "माझ्याकडे नाही आलेत रे, रेन्या. तुझ्याकडे काहीतरी मागतायत. वाडगा लिही बाबा, वाडगा."

आमच्यात मेलेल्या माणसाशी बोलायचं तर वाडग्याच्या आतून पत्र लिहितात. वर भाकरी ठेवायची. तो जेवायला येतो आणि जेवता जेवता वाचतो. माझ्या बायकोला मी दरवर्षी लिहितो. पण वाडग्यावर नाव लागतं. बिननावाचं पत्र कोण घेणार? आणि गंमत बघा, शत्रूंना शाप द्यायला जी लाल मडकी आम्ही फोडून पुरतो, त्या मडक्यांवर शत्रूंची, त्यांच्या बापाची, आईचीसुद्धा नावं मी न चुकता घातली आहेत. शापासाठी नावं विचारली, भाकरीसाठी नाही. मी मेल्यावर पलीकडच्या दारातही हेच सात जण उभे असणार होते. त्यांनी माफ केल्याशिवाय मला आत कोण घेणार? बायकोचं तोंड तरी दिसेल का?

कूई तटाजवळ वहाण शिवत बसला होता.

"कूई, त्या सात जणांची नावं सांग."

"सांगितली होती, काका."

"परत सांग ना. पाया पडतो तुझ्या."

त्याने मान हलवली. "आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. घेतलं की तो वाटेत मागे वळतो."

"गेलेल्या? म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"सहाव्या दिवशी सापडले मला, कोरड्या विहिरीपाशी. सगळे एकमेकांना टेकून बसले होते."

"मेल्या, मग सांगायचं नाही का?"

"सांगायलाच आलो होतो," कूई म्हणाला. "तुम्ही म्हणालात, 'थांब, ही ओळ संपू दे.' कुठली ओळ ते मला माहीत होतं. मग मी गेलो."

मला आठवलं. दारात त्याची सावली पडली होती आणि मी वर बघितलंही नव्हतं.

"आणि ती पोरगी... तिच्यापाशी तू काय बोलला होतास?"

त्याने दोरा दातांनी तोडला. "माझी भाची आहे, म्हणालो. बहिणीची पोर. हिला तरी ठेवून घ्या, म्हणालो."

"आणि 'परत जा'..."

"तेही मीच सांगितलं. चाकर आहे ना."

त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दिवसभर मी खापऱ्यांचा ढीग उपसला. संध्याकाळी ती खापरी सापडली. काट मारलेली होती, पण खालचं अक्षर वाचता येत होतं. तामेत. म्हातारीचं नाव. मी वाडगा घेतला, तिला लिहिलं, "तामेत आजी, चुकलो. भाकरी खा. बाकीच्यांची नावं तुम्ही तरी सांगा." भाकरी ठेवली, सातूची बीअर ठेवली.

सकाळी उठून उंबरा पाहिला. पावलं मोजली. परत मोजली. सहाच जणांची होती.

खुरडणारं पाऊल त्या सहांत होतं.

त्याला आता नऊ वर्षं झाली. इमेरूसाहेब आपल्या गावी गेले, तिथल्याच मातीत निजले. मलाही दोनदा बदलीचा हुकूम आला, मी गेलो नाही. मी गेलो तर ते सहा जण कोणाच्या दाराशी येतील? रोज सकाळी मी उंबऱ्यावर सहा भाकऱ्या ठेवतो आणि कूईकडे बघतो. कूई म्हातारा झालाय. पावलांकडे बघतो, एका ठशाशेजारी हात टेकतो, पण नाव घेत नाही. त्याच्या लेखी त्या पोरीनं मागे वळायला नको. माझ्या लेखी नावाशिवाय ती पुढे जाऊ शकत नाही. मधल्यामध्ये ती रोज खुरडत येते.

ते शेवटचं वाक्य मी आता लिहीत नाही. त्याच्या जागी लिहितो, 'सात जण आले होते, कोठार भरलेलं होतं, आम्ही परत पाठवले.' दर पत्राला राजधानीतून तेच उत्तर येतं: पत्र पोचलं, शेवटचं वाक्य लिहायचं राहिलेलं दिसतं, आम्ही इकडे भरून घेतलं आहे.