वळकटीचं पथ्य

गाद्यांच्या दुकानात जागं राहणं हेच मोठं काम. पिंजलेल्या कापसाचे तंतू उन्हाच्या तिरपीत तरंगत असतात, खाली बसायची त्यांना मुळीच घाई नसते, आणि बघता बघता माणसाच्या पापण्या जड होतात. गिऱ्हाईक "जरा पडून बघतो" म्हणून आडवं होतं आणि घोरायलाच लागतं. त्याला उठवायचं नाही, असा सासऱ्यांचा नियम होता. झोपलेल्या गिऱ्हाइकासारखी दुसरी जाहिरात नाही, असं ते म्हणायचे. म्हणायचे म्हणजे कुत्रीला म्हणायचे.

खाली दुकान, वर राहायच्या खोल्या, मधे लाकडी जिना. खाली सासरे दाभण घेऊन गादीला टाके घालायचे. वर सून खिडकीपाशी मशीनवर खोळी शिवायची. आणि जिन्यावर, नेमकी मधल्या पायरीवर, वळकटी झोपलेली असायची. ही कुत्री अंगाची गुंडाळी करून झोपायची म्हणून वळकटी. तिचं या घरातलं काम म्हणजे निरोप पोचवणं.

"वळकटी," सासरे खालून म्हणायचे, "विचार तिला, उशांच्या खोळी झाल्या का?"

वरची मशीन थांबायची. "वळकटी, सांग त्यांना, झाल्यात. आणि जेवणाचं ताट झाकून ठेवलंय म्हणावं, गार होतंय."

वळकटी एक कान हलवायची. झालं, निरोप पोचला!

आता तुम्ही म्हणाल, भांडण असेल. छे हो, भांडायला तरी आधी बोलावं लागतं! सून लग्न होऊन आली तेव्हा घरात सासूबाई नव्हत्या. सासरे मुलखाचे भिडस्त, आणि सून त्यांच्याहून वरताण. या परक्या मुलीशी काय बोलावं, म्हणून ते मुलाला म्हणायचे, "विचार तिला." तीही नवऱ्यालाच सांगायची, "बाबांना म्हणावं." तो बिचारा दिवसभर जिना चढायचा-उतरायचा. माणूस मोठा गोड. ती चिडून म्हणायची, "मला काय दहा हात आहेत?" आणि खाली तो सांगायचा, "हातातलं संपलं की तुमचंच काम घेते म्हणाली." सासरे खूश. असं घर चाललं होतं, आणि बरं चाललं होतं.

मग तो गेला. एका सकाळी टेम्पोत गाद्या भरून निघाला आणि सरळ रस्त्यावर टेम्पो झाडावर आदळला. पिल्लू असताना त्यानं उचलून आणलेली वळकटी तेवढी मागे राहिली, आणि दोघांनी काही न ठरवता त्याची जागा तिला देऊन टाकली.

सुनेच्या मनात मात्र एक गाठ होती. त्या सकाळी त्याच्या अंगात ताप होता. ती म्हणाली होती, "बाबांना सांग, आज जात नाही म्हणून." तो खाली गेला, वर आला आणि म्हणाला, "बाबा म्हणतात, गोळी घे आणि जा, गिऱ्हाईक खोळंबलंय." हे ती विसरली नव्हती. रोज सासऱ्यांचं ताट वाढताना तिला ते आठवायचं, आणि तरी ती आमटीत मीठ बेतानंच घालायची, कारण त्यांना रक्तदाब होता. माणसाचं मन म्हणजे काय अजब चीज असते बघा!

तर अशा घरात वळकटीचं पोट बिघडलं.

कुणा गिऱ्हाइकाच्या पोरानं क्रीमची बिस्किटं चारली असणार. संध्याकाळी सून तिला मागच्या बोळात घेऊन गेली तर सगळं पातळ. सुनेनं कच्चं केळं उकडून मऊ भातात कुस्करलं, वर चमचाभर दही घातलं आणि वळकटीला बशीत दिलं. माहेरच्या कुत्र्याला आई हेच द्यायची. वळकटीनं बशी चाटून लख्ख केली. पोट बांधलं गेलं.

चांगलंच बांधलं गेलं. सकाळी लवकर वळकटीला बाहेर न्यायचं ते सासऱ्यांनी. सून तेव्हा झोपलेली असायची. सासऱ्यांनी बघितलं तर कुत्री पाठीची कमान करून कुंथतेय आणि होत काही नाही. "अरेरे, कोठा जड झाला की गं तुझा!" असं म्हणून त्यांनी दुकानातल्या चहाच्या स्टोव्हवर लाल भोपळा उकडला, त्यात एरंडेल घातलं आणि मायेनं चारलं. संध्याकाळपर्यंत एरंडेलानं आपलं काम चोख केलं. सून बोळात कपाळाला हात लावून उभी. तिनं लगेच केळं वाढवलं. मग सासऱ्यांनी एरंडेल वाढवलं.

हसू नका. दोघं जीव लावून करत होते. ती भात मऊ व्हावा म्हणून भांड्यापाशी उभी राहायची, ते भोपळ्याची एकेक बी वेचून काढायचे. दोघांनाही वाटत होतं, आपण आहोत म्हणून ही जगतेय. पण वळकटीला हे सांगायचं कसं, आणि तिच्यामार्फत तिच्याच पोटाबद्दल बोलायचं कसं? शीबद्दल सासऱ्यांना निरोप धाडायचा म्हणजे सुनेला मेल्याहून मेल्यासारखं. सासऱ्यांचंही तेच. त्यामुळे त्या एका विषयावर दोघंही मूग गिळून बसले.

वळकटी वाळत चालली. तिच्या अंगावरून हात फिरवला की बरगड्या बोटांना लागायच्या. जिन्यावरची गुंडाळी दिवसेंदिवस लहान होत गेली. दुपारी मशीनवर मान टाकून सुनेला डुलकी लागायची आणि एकच स्वप्न पडायचं. जिन्याच्या पायऱ्यांच्या जागी गाद्या आहेत, पाय ठेवला की खोल खोल जातोय. नवरा वरून खाली येतोय, खालून वर येतोय, ओठ हलताहेत, पण आवाज कापसात मुरून जातोय. "मोठ्यानं बोल ना रे!" ती ओरडायची आणि जागी व्हायची. खाली सासरे टाके घालत असायचे, एखादं गिऱ्हाईक घोरत असायचं, आणि ऊन जिन्याच्या एका पायरीवरून दुसरीवर उतरलेलं असायचं. वळकटी गेली तर? मग या घरात कुणाला हाक मारून बोलायचं? तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. वळकटी गेली की बॅग भरायची आणि भावाकडे जायचं. ज्यानं माझ्या माणसाला तापात कामाला पाठवलं त्याच्याबरोबर मुक्यानं जन्म काढायला मी काही धोंडा नाही.

एक दिवस सासऱ्यांनी खालून हाक मारली, "वळकटी, विचार तिला..." आणि गप्प झाले. सून जिन्याच्या तोंडाशी आली. मधल्या पायरीवर वळकटीनं डोळे उघडले, पण कान काही हलला नाही. खाली सासरे उभे, वर सून. सासऱ्यांच्या हातात गादीची नवी कोरी खोळ होती, सुनेनंच शिवलेली. त्यांनी ती पायरीवर पसरली. सुनेनं वळकटीला उचलून तीत ठेवलं. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं तिनं.

रस्त्यानं दोघं झोळी घेऊन चालले. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता, दुकानांची दारं अर्धी मिटलेली होती, सायकलच्या दुकानातला माणूस चाकाला टेकून पेंगत होता. सुनेला वाटलं, सगळं गाव झोपलंय आणि आपण दोघंच कुणाच्या तरी स्वप्नातून चाललोय. झोळीला हिसका बसू नये म्हणून तिनं सासऱ्यांच्या पावलाला पाऊल जुळवलं. झोळीत वजन असं नव्हतंच. तिच्या डोळ्यांना धार लागली. मधेच तिनं पुढे पाहिलं तर सासरेही सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत होते.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तोंडानं फटकळ, पण हात हलका. त्यांनी वळकटीच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लवकर खाली बसेना. हिरड्यांना बोट लावलं, तर त्या चिकट, कोरड्या.

"अंगातलं पाणी पार आटलंय. शी कशी होते?"

"पाण्यासारखी," सून म्हणाली.

"होतच नाही. दगड," सासरे म्हणाले.

दोघं एकदमच बोलले. डॉक्टरीणबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"कुत्री एकच आहे ना?"

मग एकेक बाहेर पडलं. केळं बाहेर पडलं, दही बाहेर पडलं, भोपळा निघाला, एरंडेल निघालं. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावता लावता डोळे मिटून घेतले.

"म्हणजे सकाळी हे नळ सोडतात आणि संध्याकाळी तुम्ही बोळा कोंबता! मधे हिच्या आतड्याचं काय झालं असेल? भात चांगला, भोपळाही चांगला. पण काका, एरंडेल कुणी सांगितलं तुम्हाला? आणि तुम्ही दोघं घरात एकमेकांशी बोलत नाही का?"

"बोलतो की," सासरे घाईनं म्हणाले.

"मग?"

"हिच्यामार्फत," असं म्हणून त्यांनी टेबलावरच्या वळकटीकडे बोट दाखवलं.

फटकळ बाई, पण त्यांनी वळकटीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आज पोटाला विश्रांती, नुसतं पाणी घोट घोट. उद्यापासून पातळ भात आणि उकडलेल्या कोंबडीचे धागे. हाड नाही, मीठ नाही, तेल नाही, मसाला नाही. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्या. आणि चारण्याआधी दुसऱ्याला विचारायचं. तोंडानं. पुन्हा असंच झालं तर मी हिला वाचवू शकणार नाही, स्पष्ट सांगते. आजची रात्र काढली की पहिली शी कशी होते ते मला कळवा."

घरी आणलेली वळकटी खाली सासऱ्यांजवळ निजली, आणि सुनेनं रात्र जिन्यावरच काढली. पहाटे पाय वाजले, बोळाचं दार उघडलं, आणि बऱ्याच वेळानं सासरे वळकटीला कडेवर घेऊन आत आले. विचारावं कसं? वळकटीला हाक मारावी, तर ती थकून पेंगलेली. शेवटी तिनं डोळे गच्च मिटले.

"बाबा, शी झाली का?"

आता हसा! सासऱ्यांशी तोंडावर बोललेलं हे तिचं आयुष्यातलं पहिलं वाक्य. सासरे कानापर्यंत लाल झाले.

"झाली," ते म्हणाले. "थोडी झाली. ना पातळ, ना घट्ट. चांगली झाली गं!"

त्या शब्दांनी तिला असं हलकं वाटलं की ती तिथेच पायरीवर बसून रडली.

मग घरात दुसरा विषय राहिला नाही. "बाबा, भात देऊ?" "आत्ताच दिलाय, थोडं थांब." "पाणी प्यायली?" "वाटीभर." सून कोंबडी उकडायची, सासरे धागे काढायचे, दाभण धरून धरून त्यांच्या बोटांना तसली बारीक कामं यायची. भोपळा पुन्हा पथ्यात आला, पण एरंडेल सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं मोरीत ओतलं. वळकटीनं पायरीवर अंग ताणलं, मग बोळापर्यंत आपल्या पायांनी गेली, मग एका झोपलेल्या गिऱ्हाइकाचा मोजा पळवला. त्या दिवशी सासऱ्यांनी त्या गिऱ्हाइकाला चहा पाजला.

एका दुपारी दोघं खाली कापूस निवडत बसले होते. वळकटी नव्या गादीवर पसरली होती. सासरे कापसाकडे बघतच म्हणाले, "तो जायच्या आदल्या रात्री झोपलाच नव्हता. इथं माझ्याबरोबर टाके घालत बसला होता. सकाळी मी म्हटलं, आज राहू दे, गिऱ्हाईक काही मरत नाही. तर म्हणाला, 'तिला विचारून येतो.' वर गेला, खाली आला आणि म्हणाला, 'ती म्हणते, जाऊनच ये, एकदाचं काम संपू दे.' मी म्हटलं, बरं बाबा, ती म्हणते तर जा." "तू नुकती संसाराला लागलेली. तुला कशाला बोल लावायचा, म्हणून मी कधी बोललो नाही."

सुनेच्या हातातला कापूस तसाच राहिला.

"रात्रभर झोपला नव्हता? मला म्हणाला, खालीच डोळा लागला होता."

"छे गं, पापणी मिटली नव्हती."

"बाबा, अंगात ताप होता त्याच्या. चांगला फणफणला होता."

सासऱ्यांनी मान वर केली. "ताप? मला काही बोलला नाही तो."

"मी त्याला तुमच्याकडेच पाठवलं होतं, नाही जात म्हणून सांगायला. तुम्ही म्हणालात, गोळी घे आणि जा."

"मी?" सासऱ्यांचा आवाज फुटला. "तापल्या अंगानं मी माझ्या लेकराला पाठवीन? तुला असं वाटलं?"

"वाटलं," ती म्हणाली. "रोज वाटलं. तुमचं ताट वाढताना राग यायचा मला तुमचा. मी तुमच्यावर इतकी रागावले होते बाबा, इतकी, आणि तुम्ही..."

 सासऱ्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि हातांआडून म्हणाले, "दोघांचं मन राखायला गेला गं. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द मोडवेना आणि आपल्याला नाही म्हणवेना, म्हणून तुला माझं नाव सांगितलं, मला तुझं. आपण एकदा जिन्यात उभं राहून बोललो असतो तर पोरगं घरी राहिलं असतं."

ती उठली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, हे तिला कळेना. मग तिनं ठेवला. म्हाताऱ्याची पाठ गदगदत होती.

"अजून काय आहे तुझ्या मनात?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

"पुष्कळ आहे, बाबा."

"मग सांग. दुकान बंद करतो मी. सगळं सांग."

त्यांनी उठून दार ओढून घेतलं. आत येऊन ते तिच्यासमोर बसले, आणि ती बोलायला लागली.